सीनियर इयरमध्ये ग्रॅज्युएट स्कूलची तयारी: या मेपासून पुढच्या मेपर्यंत

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांचं शेवटचं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं आणि पीएचडीच्या बहुतेक डेडलाइन १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान येतात. मधे उरतात जेमतेम साडेतीन महिने. त्यातच चार-पाच कोर्स, सीनियर थीसिसची सुरुवात, लॅबचं काम, कुणाची कॅम्पसवरची नोकरी. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं, त्या सुट्टीवरून परतेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि अर्ज व फायनल्स एकदमच अंगावर येतात.

दरवर्षी सप्टेंबरपासून धाकट्या मित्रमैत्रिणींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात आणि दरवर्षी तेच दिसतं. मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, पण त्यांनी आखणी केलेली असते ती फक्त स्वतःच्या वेळेची. अर्जाचं निम्मं काम मात्र दुसऱ्यांच्या वेळेवर चालतं: पत्र लिहिणारे प्रोफेसर, मसुदा वाचणारी पोस्टडॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणारी), ट्रान्सक्रिप्ट पाठवणारं रजिस्ट्रार ऑफिस, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) देणारं इंटरनॅशनल ऑफिस. आपलं राहिलेलं काम एखादी रात्र जागून उरकता येतं, प्रोफेसरांच्या हातातलं काम तसं उरकता येत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारत राहा: इथे कुणाचा वेळ लागणार आहे आणि तो आजच मागून ठेवता येईल का?

जूनच्या आत: पीएचडी, मास्टर्स की एक वर्ष थांबायचं

अमेरिकेत पीएचडीसाठी आधी मास्टर्स झालेलं असावंच लागतं असं नाही. विज्ञान, इंजिनीअरिंग आणि बऱ्याचशा मानव्यशाखांमध्ये बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळतो. अनेक ठिकाणी वाटेत मास्टर्सची पदवीही मिळून जाते. घरच्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण आधी एमएस्सी आणि मग पीएचडी हाच क्रम त्यांनी पाहिलेला असतो. त्यांच्याशी पैशांचं मोकळेपणाने बोला. संशोधनाच्या पीएचडीत साधारणपणे ट्यूशन माफ असते, आरोग्यविमा मिळतो आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपवर महिन्याचा स्टायपेंड मिळतो. मास्टर्सचा खर्च बहुतेक वेळा स्वतःच करावा लागतो. ‘आधी मास्टर्स करून बघू’ हा सावध मार्ग वाटतो, पण पैशांच्या हिशेबात तोच महागात पडू शकतो.

पीएचडी म्हणजे आयुष्याची पाच-सहा वर्षं. ती द्यायची की नाही हे ठरवताना मी मार्कांकडे फारसं पाहत नाही. तिसऱ्यांदा प्रयोग फसल्यावर, किंवा आठवडाभर वाचलेली कागदपत्रं निरुपयोगी ठरल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाकडे परत जावंसं वाटलं का? याचं उत्तर द्यायला संशोधनाचा थोडा तरी अनुभव लागतो. तो नसेल, किंवा तुमच्या कामाबद्दल मनापासून लिहू शकेल असा एकच माणूस डोळ्यांसमोर येत असेल, तर एक वर्ष थांबा. लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट किंवा पोस्टबॅक (बॅचलर्सनंतरची संशोधनाची तात्पुरती जागा) म्हणून एक-दोन वर्षं काम करून मग अर्ज करणारे खूप जण असतात आणि समित्यांना त्यात काही कमी वाटत नाही. जीवशास्त्रात तर हे अगदी रुळलेलं आहे. थांबायचं ठरवलं तरी शेवटच्या वर्षातच प्रोफेसरांना तसं सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पत्र मागताना ओळख ताजी असते.

जुलै-ऑगस्ट: यादी

उन्हाळ्यात बसून एक स्प्रेडशीट करा. एका ओळीत एक प्रोग्रॅम. रकाने असे: डेडलाइन, फी, जीआरईचा (ग्रॅज्युएट प्रवेशपरीक्षेचा) नियम, किती पत्रं, कोणकोणते निबंध आणि त्यांची मर्यादा, ट्रान्सक्रिप्ट अधिकृत हवी की अपलोड चालते आणि ज्यांच्यासाठी तिथे जायचं त्या प्रोफेसरांची नावं. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्या.

रँकिंगची यादी समोर घेऊन वरून खाली उतरू नका. तुम्हाला आवडलेले तीन-चार शोधनिबंध घ्या, त्यांचे लेखक कुठे आहेत पाहा, ते कुणाला उद्धृत करतात आणि त्यांचे जुने विद्यार्थी आता कुठे शिकवतात ते पाहा. दोन संध्याकाळी असं शोधलं की वीसेक नावं सहज निघतात. मग एक गाळणी लावा: ज्या ठिकाणी तुमच्या आवडीचं काम करणारी एकच व्यक्ती आहे ते धोक्याचं. ती व्यक्ती सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) जाईल, दुसऱ्या विद्यापीठात जाईल, किंवा त्या वर्षी विद्यार्थीच घेणार नाही. दोन-तीन जण असतील तर ते ठिकाण ठेवा. आठ ते दहा अर्ज पुरतात. त्याहून जास्त केले तर प्रत्येकाला मिळणारी काळजी पातळ होते, हे मसुदे वाचताना मला स्पष्ट दिसतं.

प्रवेश कोण देतं हेही इथेच समजून घ्या, कारण विषयागणिक पद्धत वेगळी असते. जीवशास्त्राच्या बहुतेक प्रोग्रॅमांत समिती प्रवेश देते आणि पहिल्या वर्षी तुम्ही दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून मार्गदर्शक निवडता. केमिस्ट्रीतही मार्गदर्शक सहसा प्रवेशानंतरच ठरतो. इंजिनीअरिंगच्या काही विभागांत मात्र एखाद्या प्रोफेसरांनी ‘हा विद्यार्थी मला हवा’ म्हटल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. तुमचा प्रोग्रॅम यांतला कुठला, हे विभागाच्या पानावर नसेल तर तिथल्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना विचारा. ते रोज हेच प्रश्न हाताळतात आणि नीट उत्तर देतात.

जीआरई, असेल तर

विभागाच्या पानावर तीनपैकी एक नोंद सापडेल: आवश्यक, ऐच्छिक, किंवा स्वीकारत नाही. गेल्या काही वर्षांत खूप विभागांनी जीआरई काढून टाकली आहे, त्यामुळे यादी पक्की होईपर्यंत परीक्षेची फी भरू नका.

द्यायचीच असेल तर ऑगस्टमध्ये देऊन टाका. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. व्हर्बल (भाषा) आणि क्वांट (गणित) प्रत्येकी १३० ते १७० मध्ये मोजतात, निबंध ० ते ६ मध्ये. पुन्हा द्यायची झाली तर मधे २१ दिवसांचं अंतर लागतं आणि बारा महिन्यांत पाच वेळाच देता येते, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी पहिला प्रयत्न करणं म्हणजे दुसरा प्रयत्न हातचा घालवणं. गुण पाच वर्षं चालतात. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या मोफत पॉवरप्रेप चाचण्यांपासून सराव सुरू करा. विषयवार परीक्षा आता गणित, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र एवढ्याच उरल्या आहेत. ऐच्छिक परीक्षेत गुण चांगले आले तर पाठवा, नाहीतर ती वेळ निबंधाला द्या. इंग्रजीच्या परीक्षेतून अमेरिकेत बॅचलर्स करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, तरी प्रत्येक पानावर खात्री करून घ्या.

फॉल सेमिस्टर हलकं ठेवा

अर्ज हाच एक कोर्स आहे असं समजून रजिस्ट्रेशन करा. सगळ्यात जड इलेक्टिव्ह (ऐच्छिक कोर्स) स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरला ढकला. जड लॅब कोर्स आणि थीसिस एकाच फॉलमध्ये घेऊ नका. मात्र क्रेडिट फार कमी करायची सोय सगळ्यांना नसते. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. शेवटच्या सेमिस्टरला पदवीसाठी कमी क्रेडिट उरली असतील तर सूट मिळू शकते, पण ती इंटरनॅशनल ऑफिसकडून आधी लेखी घ्यायची असते.

आठवड्यातली दोन ठरावीक सत्रं अर्जाची. मंगळवार आणि रविवार, काहीही ठरवा, पण ती वेळ कॅलेंडरवर वर्गाइतकीच पक्की असू द्या. आणि एक संध्याकाळ अर्ज, थीसिस या कशाशीच संबंध नसलेली. हे मी आग्रहाने सांगते, कारण ऑक्टोबरमध्ये रूममेटच्या हातात नोकरीची ऑफर पडते, तिचं पुढचं वर्ष ठरून जातं, आणि तुम्हाला फेब्रुवारी-मार्चपर्यंत काहीच कळणार नसतं. तो काळ एकट्याने खोलीत बसून काढला तर फार लांबतो. मैत्रिणीबरोबर जेवायला गेल्याने कुणाचा अर्ज बिघडलेला मी पाहिलेला नाही.

सप्टेंबर: शिफारसपत्रं

बहुतेक प्रोग्रॅम तीन पत्रं मागतात. संशोधनाच्या प्रवेशात सगळ्यात जास्त वजन मला या पत्रांचंच वाटतं, आणि विद्यार्थी सगळ्यात कमी विचार करतात तो यांचाच.

पत्र कुणाकडून घ्यायचं? ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं आहे त्यांच्याकडून. दीडशे जणांच्या वर्गात तुम्हाला ए मिळाला असेल, तर त्या प्रसिद्ध प्रोफेसरांना लिहिण्यासारखं एवढंच असतं की ए मिळाला, आणि ते ट्रान्सक्रिप्टवर आधीच छापलेलं आहे. त्याऐवजी बारा जणांच्या सेमिनारमध्ये ज्यांच्याशी तुम्ही वाद घातला, ज्यांच्या लॅबमध्ये उन्हाळाभर बसलात, ज्यांनी तुमच्या टर्म पेपरचे तीन मसुदे तपासले, त्यांचं पत्र निवडा. तिन्ही पत्रं एकच गोष्ट सांगणारी नसावीत. संशोधनाबद्दल किमान एक, शक्य तर दोन.

लॅबमध्ये बऱ्याचदा असं होतं की रोजचं काम पोस्टडॉक किंवा पीएचडीच्या विद्यार्थिनीने पाहिलेलं असतं आणि मुख्य प्रोफेसर महिन्यातून एकदा भेटलेले असतात. अशा वेळी पोस्टडॉकने तपशील लिहून द्यावेत आणि पत्रावर प्रोफेसरांची सही असावी, किंवा दोघांनी मिळून सही करावी, ही पद्धत रूढ आहे. संकोच न करता सुचवा. प्रोफेसरांनाही त्याने सोपं होतं.

मागताना समोर जाऊन मागा, ऑफिस अवर्समध्ये, डेडलाइनच्या किमान दोन महिने आधी. विचारायचं ते असं: ‘माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिण्याइतकं माझं काम तुम्ही पाहिलंय असं तुम्हाला वाटतं का?’ यात त्यांना नाही म्हणायला जागा राहते. कुणी चाचरलं, ‘मी लिहीन, पण दुसरं कुणी असेल तर बघ’ म्हणालं, तर आभार मानून दुसऱ्या व्यक्तीकडे जा. कोमट पत्र समितीला लगेच ओळखू येतं.

होकार मिळाला की त्याच आठवड्यात एकाच फोल्डरमध्ये सगळं पाठवा: सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट, एसओपीचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जातला मुख्य निबंध) कच्चा मसुदा, प्रोग्रॅम आणि डेडलाइनची तारखेनुसार लावलेली यादी, आणि एक पानभर टिपण. त्या टिपणात त्यांच्या हाताखाली तुम्ही काय केलंत ते लिहा: कोणता कोर्स, कोणता पेपर, त्यावर त्यांनी काय शेरा दिला होता, लॅबमध्ये कोणती अडचण तुम्ही सोडवली. आपण विसरत नाही, पण त्यांच्या डोळ्यांसमोरून शेकडो विद्यार्थी गेलेले असतात. काही जण म्हणतात, ‘तूच पत्र लिहून आण, मी सही करतो.’ तेव्हा नम्रपणे हे टिपण पुढे करा. स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं की ते एसओपीच्याच आवाजात येतं आणि दोन्ही शेजारी वाचणाऱ्याला ते कळतं.

पोर्टलवर पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा एक प्रश्न येतो. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबतच्या कायद्याने विद्यार्थ्याला हा हक्क दिलेला आहे. तो सोडा. पत्र गोपनीय असेल तरच वाचणारे त्यावर पूर्ण विश्वास ठेवतात, आणि काही प्रोफेसर त्याशिवाय लिहीतच नाहीत.

बहुतेक पोर्टलमध्ये अर्ज सबमिट करायच्या आधीच प्रोफेसरांना लिंक पाठवता येते. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या लिंक एका दिवशी पाठवा, म्हणजे त्यांना एका बैठकीत सगळं अपलोड करता येईल. दोन आठवडे आधी एक आठवण, तीन दिवस आधी दुसरी. आठवण करून देणं उद्धटपणाचं नाही, उलट बरेच प्रोफेसर त्याची वाटच पाहत असतात. चौथी एक व्यक्ती मनाशी राखीव ठेवा. डेडलाइनच्या रात्री एखादं पत्र आलेलं नसेल तर घाबरू नका: तुमचा अर्ज वेळेत हवा, पत्र दोन-चार दिवस उशिरा आलं तरी अनेक विभाग घेतात. तशी वेळ आली तर कोऑर्डिनेटरना कळवून ठेवा.

ऑक्टोबर: स्टेटमेंट ऑफ पर्पज

एसओपी हे आत्मचरित्र नाही. तुमचं क्षेत्र जाणणाऱ्या, थकलेल्या, त्या दिवसातला तिसावा अर्ज वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं ते दीड-दोन पानांचं टिपण आहे. त्या माणसाला कळायला हवं की तुम्ही कोणत्या प्रश्नावर काम केलंत, त्यातून काय शिकलात, पुढे कोणता प्रश्न घ्यायचाय आणि तो इथेच का.

‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारे मसुदे दरवर्षी येतात. ते वाक्य खरं असतं, पण त्याने काहीच कळत नाही. त्याच विद्यार्थ्याला मी विचारते, लॅबमध्ये काय केलंस? मग तो सांगतो: ‘नदीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणारे सेन्सर आम्ही लावले होते. दर दुपारी आकडे वर सरकायचे. सगळ्यांना वाटलं शेतातून खत येतंय. मी तापमानाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर सेन्सरच तापल्यावर चुकत होता. दुरुस्तीचं समीकरण बसवल्यावर निम्मी वाढ नाहीशी झाली, आणि उरलेली निम्मी कुठून येते हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.’ ही झाली सुरुवात. यात प्रश्न आहे, हाताने केलेलं काम आहे, निष्कर्षाचा प्रामाणिकपणा आहे आणि पुढे जायची दिशाही आहे. आवड असल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

लिहिण्याचा क्रम मी असा सुचवते. आधी संशोधनाचे दोन परिच्छेद लिहा, कारण तो मजकूर सगळ्या अर्जांना सामाईक असतो. मग पुढच्या दिशेचा एक. प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा लिहायचा परिच्छेद त्यानंतर, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी. विद्यापीठाच्या परिच्छेदात ‘तुमचं जगप्रसिद्ध विद्यापीठ’ नको. दोन-तीन प्रोफेसरांची नावं, त्यांच्या कामातला कोणता भाग तुमच्या प्रश्नाला भिडतो आणि का, एवढंच. नाव बदलून तोच परिच्छेद दुसऱ्या विद्यापीठाला चालत असेल तर तो अजून लिहून झालेला नाही. एखाद्या सेमिस्टरला मार्क घसरले असतील तर दोन वाक्यांत कारण आणि नंतरची सुधारणा सांगा आणि पुढे जा.

काही ठिकाणी दुसरा निबंधही लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीसारख्या कॅम्पसवर एसओपीशिवाय वेगळं पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट मागतात. घरातून कॉलेजला जाणारी तुम्ही पहिलीच असाल, दुसऱ्या भाषेतून शिकला असाल, धाकट्यांना शिकवलं असेल, तर ते इथे लिहायचं. मानव्यशाखांत रायटिंग सॅम्पल लागतो. सीनियर थीसिसचं स्वतंत्रपणे वाचता येणारं प्रकरण त्यासाठी उत्तम, पण मग ते प्रकरण एप्रिलऐवजी नोव्हेंबरमध्ये तयार व्हायला हवं. थीसिसच्या मार्गदर्शकांशी सप्टेंबरमध्येच बोलून प्रकरणांचा क्रम त्याप्रमाणे बदलून घ्या.

मसुदा तिघांना दाखवा: तुमच्या विषयातली एक व्यक्ती, विषयाबाहेरची पण चांगलं लिहिणारी एक, आणि गेल्या एक-दोन वर्षांत प्रवेश मिळालेला कुणीतरी. तिघांना एकाच दिवशी पाठवू नका. पहिल्याच्या सूचना घालून मग दुसऱ्याला द्या. प्रत्येकाला आठवडाभर तरी वेळ द्या आणि नेमकं काय हवंय ते सांगा: ‘दुसरा परिच्छेद विषयाबाहेरच्या माणसाला कळतो का?’ असं विचारलं की उपयोगाचं उत्तर येतं. नुसतं ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान आहे’ एवढंच हाती लागतं.

प्रोफेसरांना ईमेल

रोटेशन असलेल्या प्रोग्रॅमांत हा भाग ऐच्छिक आहे. मार्गदर्शकावर प्रवेश अवलंबून असेल तर मात्र तो टाळू नका. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाठवा. आधी त्यांचं पान वाचा. नवे विद्यार्थी घेणार की नाही हे अनेकांनी तिथेच लिहिलेलं असतं. ईमेल फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढी: तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या पेपरमधला कोणता मुद्दा तुमच्या कामाशी जोडला जातो आणि या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का. सीव्ही जोडा. स्तुती नको. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच पुन्हा लिहा आणि मग सोडून द्या. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे.

पैसे

अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी ७५ ते १२५ डॉलरच्या घरात असते. दहा अर्ज म्हणजे हजार डॉलर सहज जातात. फी माफीची चौकशी ऑक्टोबरमध्येच करा. उत्पन्न कमी असेल, मॅकनेअरसारख्या (कमी उत्पन्नाच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी तयार करणाऱ्या) कार्यक्रमात असाल, किंवा विभागाच्या माहिती सत्राला हजर राहिला असाल तर अनेक विद्यापीठं माफी देतात, मात्र तिचा अर्ज आधी करायचा असतो.

अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर सीनियर इयरमध्येच एनएसएफच्या (नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या) ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिपला अर्ज करता येतो. १९५२ पासून चालत आलेली ही फेलोशिप पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षांचा स्टायपेंड देते. तिची मुदत विद्यापीठांच्या आधी येते, त्यामुळे तिच्यासाठी लिहिलेला संशोधन प्रस्ताव एसओपीचा पाया म्हणून वापरता येतो. आईवडील स्थलांतरित असलेल्या मुलांनी पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिप जरूर पाहावी. ती स्थलांतरितांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठीच १९९७ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांत ९० हजार डॉलरपर्यंत देते. एफ-१ वरच्यांसाठी असे पर्याय कमी आहेत. स्टॅनफर्डची नाइट-हेनेसी शिष्यवृत्ती मात्र कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे आणि तिची डेडलाइन ऑक्टोबरमध्येच येते.

थँक्सगिव्हिंगच्या आधी

पोर्टलवरची सगळी यांत्रिक माहिती, म्हणजे पत्ता, कोर्सची यादी, जुन्या शाळा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरून ठेवा. दरवेळी वाटतं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दरवेळी अख्खी संध्याकाळ जाते. दुसऱ्या कॉलेजात उन्हाळी कोर्स किंवा एक्स्चेंज सेमिस्टर केलं असेल तर तिथलीही ट्रान्सक्रिप्ट लागते आणि परदेशातून ती यायला आठवडे लागतात. १ डिसेंबरचे अर्ज थँक्सगिव्हिंगला घरी निघायच्या आधी सबमिट करा. अपलोड झालेली पीडीएफ पोर्टलमधून पुन्हा उतरवून वाचा: चुकीच्या विद्यापीठाचं नाव राहून गेलेलं इथेच सापडतं.

जानेवारी ते मार्च

जीवशास्त्र आणि त्याच्या जवळच्या विषयांत जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, बऱ्याचदा शनिवार-रविवार धरून. स्वतःचं संशोधन दोन मिनिटांत, मग दहा मिनिटांत, असं दोन्ही प्रकारे सांगायचा सराव मित्रांसमोर करा. ‘ते काम चुकलं असतं तर काय केलं असतंस?’ हा प्रश्न हमखास येतो. इतर विषयांत आधी ॲडमिट येतो आणि मग मार्चमध्ये व्हिजिट डेज, म्हणजे प्रवेश मिळालेल्यांना विभाग बघायला बोलावतात ते दिवस. प्रवासखर्च बहुतेकदा विभाग देतो. स्प्रिंगच्या प्रोफेसरांना या तारखा पहिल्याच आठवड्यात सांगा.

व्हिजिटमध्ये प्रोफेसरांपेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांशी जास्त बोला, तेही प्रोफेसर खोलीत नसताना. मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून देतात? या लॅबमधून कुणी मधेच सोडून गेलं का, आणि का? स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? त्यातून वेगळी फी कापली जाते का? भाडं देऊन महिन्याच्या शेवटी काय उरतं? पाचव्या वर्षी पैसे कुठून येतात? हा शेवटचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. २०२५ मध्ये सरकारी संशोधननिधीवर गदा आल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले गेले. म्हणून निधीची हमी किती वर्षांची आहे ते ऑफरच्या पत्रात लेखी असल्याची खात्री करा.

नकार येतील, सगळ्यांनाच येतात. त्या वर्षी प्रोफेसरांकडे निधी नव्हता, किंवा त्या उपविषयात एकच जागा होती, अशी कारणं बाहेर कधी सांगितली जात नाहीत. निकालांच्या वेबसाइटवर तासातासाला जाऊ नका. थीसिस एप्रिलमध्ये द्यायचा आहे, त्याच्याकडे वळा. आणि मार्क टिकवा, कारण प्रवेश पदवी पूर्ण होण्याच्या अटीवरच असतो आणि शेवटची ट्रान्सक्रिप्ट नव्या विद्यापीठाला जाते.

१५ एप्रिल

कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्यासह दिलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. कुणी आधी उत्तर मागितलं तर या ठरावाचा शांतपणे उल्लेख करा आणि वेळ मागा. साहाय्य नसलेल्या मास्टर्सच्या ऑफरना हा नियम लागू नाही, तिथे डिपॉझिटची तारीख आधीची असू शकते.

जिथे जायचं नाही हे नक्की आहे, तिथे मात्र १५ एप्रिलची वाट पाहू नका. तुम्ही सोडलेली जागा वेटलिस्टवरच्या कुणाला तरी मिळणार असते, आणि शेवटच्या दिवशी सोडली तर त्या व्यक्तीला विचार करायलाही वेळ राहत नाही. दोन ओळींची ईमेल पुरते. तुम्हीच वेटलिस्टवर असाल तर मार्चमध्ये एकदा लिहून सांगा की ही तुमची पहिली पसंती आहे, अर्थात ते खरं असेल तरच.

कागदपत्रं आणि निरोप

एफ-१ वर असलेल्यांचं सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) जुन्या कॉलेजकडून नव्या विद्यापीठाकडे ट्रान्सफर करावं लागतं आणि मग नवा आय-२० येतो. पदवीचा कार्यक्रम संपल्यावर यासाठी ६० दिवसांची मुदत असते. निकालांचं चित्र फेब्रुवारीपर्यंत धूसर असेल तर ओपीटीचा (पदवीनंतर आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचा) अर्ज करून ठेवता येतो, तो कार्यक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पण रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे गेलं की ओपीटी संपते, तेव्हा ट्रान्सफरची तारीख इंटरनॅशनल ऑफिसशी बोलूनच ठरवा. एच-४ वर (एच-१बी धारकांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) वाढलेल्यांचा दर्जा २१ व्या वाढदिवसाला संपतो. त्यांनी या सगळ्याचा विचार सीनियर इयर सुरू व्हायच्या आधीच वकिलाबरोबर करायला हवा.

पत्र लिहिणाऱ्या तिघांना आणि मसुदे वाचणाऱ्यांना निकाल कळवा: कुठे मिळालं, कुठे नाही, कुठे जाताय आणि का. त्यांनी तुमच्यासाठी ऑक्टोबरातल्या संध्याकाळी खर्च केलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काय झालं हे कुणी सांगतच नाही. शक्यतो समोर जाऊन सांगा. त्यासाठी मेच्या पहिल्या आठवड्यातलीच वेळ मागून ठेवा, ग्रॅज्युएशन झालं की निम्मे प्रोफेसर कॅम्पसवर सापडत नाहीत.